सूर चुकलेली डॉक्टरीण

"अक्वा आणा, अक्वा! पळा!"

खिडकीबाहेर जो पहिला माणूस दिसला त्याच्यावर डॉक्टर उझोआमाका ओरडली, आणि तो माणूस खरंच पळाला. असा पळाला की मागे लाल धुळीचा लोट उठला. तिला बरं वाटलं. चला, देशातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या फौजेत निदान एक तरी माणूस सांगितल्यावर लगेच हलतो.

मुलींच्या शाळेतली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आता ऑपरेशनची खोली झाली होती. फळ्यावर कुणीतरी लिहिलेलं समीकरण अजून तसंच होतं, आणि त्याच्याखाली लांब टेबलावर एक जवान आडवा पडला होता. त्याच्या मांडीतली रक्तवाहिनी उझोआमाकानं दोन बोटांनी दाबून धरली होती. बोटं काढली असती तर खेळ खलास. उकळून ठेवलेल्या कापडाच्या पट्ट्या संपल्या होत्या, नव्या अजून दोरीवर वाळत होत्या, आणि नर्स उगोये दुसऱ्या जखमीवर ओणवी झाली होती. म्हणून ती ओरडली होती. अक्वा म्हणजे कापड. एवढं तर तिला येत होतं.

तो माणूस परत आला तो धापा टाकत. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि दोन्ही हातांची ओंजळ अशी जपून धरलेली की जणू आत चिमणीचं पिल्लू आहे. त्यानं ओंजळ तिच्यासमोर उघडली.

आत अंडं होतं.

"ताजं आहे," तो म्हणाला. "हात लावून बघा, अजून गरम आहे."

उझोआमाकानं अंड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. उगोये मात्र पुढे आली, डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं, दातांनी टराटरा फाडलं आणि पट्ट्या डॉक्टरांच्या हातात दिल्या. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, हसत होती, हे उझोआमाकाला नंतर कळलं.

जवान वाचला. हात धुऊन उझोआमाका बाहेर पडली ती त्या माणसाची चामडी लोळवायला. तो फाटकाशी एका गाडीच्या पायरीवर बसला होता. गाडी पूर्वी एका बेकरीची होती. लाल क्रॉसच्या वर बेकरीचा मोठा खरपूस पाव अजून रंगवलेला होता, आणि त्यामुळे ती कुठल्याही गावात शिरली की मुलं मागे धावायची. ती जखमी आणायची हे मुलांना कोण सांगणार?

तिला बघून तो उभा राहिला. सलाम मात्र ठोकला नाही. उजवा हात मोकळा नव्हता. अंडं अजून हातात होतं.

तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. इथे माणूस मरत होता आणि तुम्हाला न्याहारी सुचते, हे असलं बरंच काही. तिचं बोलणं तो मान तिरकी करून ऐकत राहिला, एखादं गाणं ऐकावं तसा. ती दमल्यावर म्हणाला, "डॉक्टर, तुमचं गाव कुठलं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध आहे. तुम्ही अंडं मागितलंत."

"मी कापड मागितलं."

"नाही." आणि त्यानं मोकळ्या हाताचं बोट हवेत नाचवलं. "दोन्ही सूर वर ठेवले की अक्वा म्हणजे रडणं. पहिला वर, दुसरा खाली, की कापड. पहिला खाली, दुसरा वर, की अंडं. तुम्ही खालून वर गेलात, अगदी कोंबडीसारख्या. मी पाचसहा घरांची दारं ठोठावली. शेवटी एका म्हातारीनं फौजेच्या नावाखातर कोंबडीच्या पोटाखालून हे काढून दिलं." तो क्षणभर थांबला. "दोन्ही सूर खाली गेले असते तर त्याचा अर्थ पूल होतो. नशीब माझं, तुम्ही पूल नाही मागितलात."

उझोआमाकाला रागावूनच राहायचं होतं. पण हसू नाकातून फसकन् बाहेर आलं, आणि एकदा आलं ते थांबेचना. शेवटी तिला पावाच्या गाडीलाच टेकावं लागलं. कानो सोडल्यापासून ती अशी हसली नव्हती. तिचा जन्म तिकडचा, उत्तरेतला. वडील रेल्वेत होते. पूर्वेकडच्या लोकांविरुद्ध दंगली पेटल्या तेव्हा त्यांनी बायकोला आणि मुलीला गाडीत बसवलं, मी मागच्या गाडीनं येतो म्हणाले, आणि मागची गाडी त्यांच्याशिवाय आली. आईवडिलांची भाषा ती घरात शिकली, पण गल्लीत, बाजारात, शाळेत सगळीकडे तिकडची हौसा भाषा बोलली, आणि डॉक्टरी इंग्रजीत शिकली. शब्द होते, पण त्यांचे सूर मात्र कानोच्या गल्लीत सांडले होते.

अंडं उकडलं गेलं आणि वॉर्डातल्या उपासमारीनं पोटं फुगलेल्या मुलांत वाटलं गेलं. अंडं आणणाऱ्याचं नाव ओबिओरा. युद्धाआधी तो मिशनच्या शाळेत मुलांना वाचायला आणि गायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

उगोयेनं ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलात पोचवली.

*

दुसऱ्याच आठवड्यात आणखी एक प्रकार घडला. डोक्याला मार लागलेल्या एका सार्जंटला उझोआमाकानं मोठ्या मायेनं विचारलं की डोकं कसं आहे, आणि तो गडी तोंड फिरवून बसला. औषध घेईना की बोलेना. चौकशी केल्यावर कळलं, सूर चुकून बाईंनी त्याला चारचौघांत विचारलं होतं की तुझा वास कसा आहे. पाणी मिळालं तर अंघोळ करीन, असं तो दुखावलेल्या आवाजात उगोयेला सांगत होता.

झालं. उझोआमाका तडक फाटकाशी गेली आणि मास्तरांना हुकूम सोडला, मला शिकवा.

"हुकूम म्हणून की विनंती म्हणून?"

"कॅप्टन विनंती करत नाही."

"मग फी पडेल."

"कसली?"

"मी शिकवताना हसलो तर कोर्ट मार्शल करायचं नाही."

शिकवणी पावाच्या गाडीत चालायची. आघाडीजवळच्या ठाण्यावर जखमी आणायला जाताना डॉक्टर पुढच्या सीटवर बसायची, कारण वाटेतच कुणाचा जीव जाऊ नये. जाताना गाडी रिकामी असायची, आणि रस्ताभर गुणगुणणं चालायचं. तो आधी नुसता सूर म्हणायचा, शब्दाशिवाय, ओठ मिटून. मग ती म्हणायची. मग तो डोळे मिटून वेदना झाल्यासारखा चेहरा करायचा.

"रस्त्याकडे बघा," ती म्हणायची.

"ऐकताना डोळे मिटावेच लागतात. आणि रस्ता कुठे जातोय? तो माझ्या शेजारीच बसलाय."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला समजलं नाही. मग त्यानं गियर बदलला आणि म्हणाला, "तुमच्या नावाचा अर्थ काय, डॉक्टर? उझोआमाका. रस्ता फार सुंदर आहे. ड्रायव्हरच्या शेजारी असलं नाव बसवायचं म्हणजे… फौजेनं जरा विचार करायला हवा होता."

उझोआमाका खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर ताडाची झाडं होती, जळालेली एक लॉरी होती, डोक्यावर गाद्या आणि बोकड घेऊन चाललेली माणसं होती, वाळवंटाकडून येणाऱ्या हरमट्टनच्या कोरड्या वाऱ्यानं सगळ्यावर पांढुरकी धूळ धरली होती. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी ती बघत राहिली, कारण तिचे कान तापले होते आणि ते त्याला दिसले असते.

असे ते दिवस गेले. म्हणजे वाईटच दिवस ते. मीठ नाही, भूल द्यायला इथर नाही, भुकेनं पोरांचे केस लाल होऊन गळताहेत, आणि विमानं आली की टेबलावरच्या पेशंटवर आडवं पडायचं. पण माणसाचं मन मोठं निर्लज्ज असतं. त्या सगळ्यात उझोआमाका सकाळी उठल्यावर आधी फाटकाकडे बघायची. गाडी दिसली की दिवस सुरू झाला. गाडी नसली की हातातली कात्री दोनदा खाली पडायची, आणि उगोये ती उचलून देताना म्हणायची, "येईल, येईल. पाव घेऊन येईल."

एकदा परतीच्या वाटेवर पाऊस लागला आणि गाडी चिखलात रुतली. मागे जखमी, पुढे ही दोघं. त्यानं उतरून चाकाखाली केळीची पानं घातली, तिनं गाडी चालवायची, असं ठरलं. तिला गाडी येत नव्हती. त्यानं खिडकीतून हात घालून तिचा हात गियरवर ठेवला, वरून आपला ठेवला, आणि मग… मग गाडी रुतली आहे, मागे माणसं कण्हताहेत, हे दोघांनाही माहीत असून हात क्षणभर तिथंच राहिले. पावसाचं पाणी त्याच्या भुवईवरून तिच्या मनगटावर ठिबकत होतं.

"दाबा," तो म्हणाला.

तिनं दाबलं. गाडीनं उसळी घेतली आणि मास्तर टाळूपासून टाचेपर्यंत चिखलानं न्हाले. उरलेल्या रस्त्यात सुरांचं नावही कुणी काढलं नाही.

*

मग बाजाराच्या रस्त्यावर विमानं आली.

ओबिओराला लोकांनी एका दारावर घालून आणलं, बिजागऱ्यांसकट उखडलेल्या दारावर. गाडी जळाली होती. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली असा झाला होता की वरिष्ठ सर्जन, एक मेजर, लांबूनच म्हणाले, काढा. त्यांचंही चूक नव्हतं. बाहेर रांग होती, आणि पाय कापायला लागतो त्यापेक्षा वाचवायला फार वेळ लागतो. उझोआमाका म्हणाली, मी वाचवते. मेजर म्हणाले, सडला तर माणूस जाईल. ती म्हणाली, मला माहीत आहे. मेजरनी तिच्या तोंडाकडे बघितलं, काय समजायचं ते समजले, आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले.

इथर थोडंच होतं. ते चढायच्या आधी ओबिओरानं तिची बाही धरली.

"पाय राहील?"

"राहील."

तो हसला, ओठ पांढरे पडलेले असताना. "खोटं बोलताना तुमचा सूर अगदी बरोबर लागतो."

"गप्प राहा."

"एक सांगायचंय…"

"नंतर सांगा," ती म्हणाली, आणि उगोयेनं इथरची जाळी त्याच्या नाकावर धरली.

शिवायचा दोरा संपला तेव्हा शिंप्याचा दोरा उकळून घेतला. हाडाचे तुकडे एकेक करून जागेवर बसवताना उझोआमाका मनात काहीच म्हणत नव्हती. देवाचं नावही नाही. ती सूर म्हणत होती. वर, खाली. खाली, वर.

पाय राहिला. ताप आला, उतरला, पुन्हा आला, पुन्हा उतरला. ती रोज जखम बघायची, आणि तो रोज छताकडे बघायचा. 'नंतर' काही येईना. एकदा तिनंच विचारलं, काय सांगायचं होतं? तो म्हणाला, विसरलो, इथर फार वाईट. आणि मग एका सकाळी तोफांचा आवाज जवळ आला, हॉस्पिटल हलवायचा हुकूम निघाला, ज्यांना नेता येईल त्यांना नातलगांनी न्यावं असं ठरलं. उझोआमाका टेबलावर होती. ती बाहेर आली तेव्हा त्याच्या खाटेवर नुसती चटई होती. त्याची आई आणि मामा आले होते, सायकलवर बसवून घेऊन गेले, असं कुणीतरी म्हणालं. कुठल्या गावाला, ते कुणालाच धड सांगता येईना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत युद्ध संपलं. बियाफ्रा हरला. उझोआमाकानं बाहीवरचा फौजेचा अर्ध्या सूर्याचा बिल्ला ब्लेडनं उसवला, चुलीत टाकला, आणि आईला शोधत पायी निघाली.

*

आई सापडली. घर नव्हतं, पण आई होती. उझोआमाकाला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. तिथे रोज तेच, लसी, मलेरिया, बाळंतपणं, आणि शेतात राहून गेलेल्या सुरुंगांनी तुटलेली बोटं. कॅप्टन गेली, डॉक्टर उरली. रोज संध्याकाळी रांग संपली की ती बाहेरच्या बाकांवरून एक नजर फिरवायची. कशासाठी, ते आईला कधी सांगितलं नाही.

एका हरमट्टनमध्ये, ओठ फुटायच्या दिवसांत, कुठल्याशा शाळेची मुलं लस टोचायला आली. ती खाली मान घालून एकामागून एक दंड पुसत होती. रांगेच्या शेवटी काठी टेकत एक माणूस उभा होता, त्याची अर्धी विजार तिला दिसली, आणि त्याखाली डाव्या पिंढरीवरून घोट्यापर्यंत गेलेला एक लांब, वेडावाकडा व्रण. शिंप्याच्या दोऱ्याचे टाके.

आधी तिनं पाय ओळखला. मग वर बघायचं धाडस झालं.

"डॉक्टर," ओबिओरा म्हणाला, "या पोरांना सांगितलंय की दुखणार नाही. माझी अब्रू राखा."

उझोआमाका हातातली सुई उगारल्यासारखी धरून उठली, आणि पुढच्या मुलीनं भोकाड पसरलं. मग ती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. सगळी रांग तोंड उघडं टाकून बघत होती.

त्याला मिळालेली शाळा छपराविना उभी होती, उमुन्केलू गावात. तो मुलांना ढगाखाली शिकवत होता. मग तो येत राहिला. कधी एखाद्या मुलाची खरूज दाखवायला, कधी पाय दुखतो म्हणून, कधी नुसती ताडाच्या पानात गुंडाळलेली मक्याची कणसं ठेवायला. बाकावर बसायचा, तिची थट्टा करायचा, तिचे सूर दुरुस्त करायचा, आणि सूर्य कलला की काठी उचलायचा. त्याचं डॉक्टर कधी उझोआमाका झालं नाही, तुम्हीचं तू झालं नाही. ती वाट बघायची. आता बोलेल. आता. फाटकापर्यंत गेल्यावर वळेल. तो वळायचाही, आणि म्हणायचा, "मुलांना जंताचं औषध कधी द्यायचं?"

इकडे आईनं लागोसचा एक इंजिनीअर शोधून काढला. चांगल्या घरचा, स्वतःची मोटार, मुलीच्या नोकरीला हरकत नाही. त्याची माणसं येत्या रविवारी दार ठोठावायला येणार होती, म्हणजे मागणी घालायला. युद्धानं आमचं सगळं नेलं, आता तुझं तरी नीट होऊ दे, असं आई म्हणाली. उझोआमाकाला तिला दुखवणं जमलं नाही. नाही म्हणायला कारण तरी काय सांगणार? एक मास्तर आहे, तो जंताबद्दल बोलतो?

तिनं ते ओबिओराला सांगितलं. मुद्दामच, पट्टी बांधता बांधता सांगावं तसं सहज. तो काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढायला लागला.

"माणूस चांगला असेल तर हो म्हणा," तो म्हणाला.

"तुम्हाला एवढंच सुचलं?"

"मला बरंच सुचतं." त्यानं रेघा पायानं पुसल्या. "डॉक्टर, तुम्ही ज्याला वाचवता त्याच्यावर तुमची माया जडते. मी वॉर्डात पडून बघितलंय. प्रत्येकावर जडते. त्या वास येणाऱ्या सार्जंटवरसुद्धा. ती माया खरी असते, पण ती… पेशंटची असते. ती घेऊन मी घरी जाऊ नये."

आणि तो उठून गेला. उझोआमाकाच्या हातात पट्टीचं भेंडोळं होतं, ते तिनं भिंतीवर भिरकावलं. मग स्वतःच उचलून गुंडाळत बसली. पट्ट्या अजूनही मौल्यवान होत्या.

*

त्याच शनिवारी उगोयेचं लग्न होतं. ती उमुन्केलूचीच मुलगी. तिचे वडील पापा एकेओचा गावातले वडीलधारे, युद्धात दोन मुलगे गेले तरी पाठ ताठ असलेला म्हातारा. त्यांच्या अंगणात मांडव पडला, ताडाच्या झावळ्यांचा. यामचे कंद शिजत होते, बोकड शिजत होता, ढोल तापत होते, आणि किती वर्षांनी लोकांनी ठेवणीतले कपडे काढले होते. कपड्यांना मातीचा वास येत होता, कारण ते पुरून ठेवलेले होते. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

उझोआमाका आईबरोबर बायकांत बसली होती. समोर पुरुषांच्या बाकांवर, फणसासारख्या थोराड उक्वा झाडाखाली, पार टोकाला, पाय लांब करून ओबिओरा बसला होता. त्यानं एकदा मान लववली. पेशंट डॉक्टरला लववतो तशी.

मग नवरी बाहेर आली. पापांनी मडक्यातून ताडी ओतली, पेला मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, जा, तुझा माणूस आम्हाला दाखव. उगोये नाचत नाचत पुरुषांच्या गर्दीत शिरली. नवरा कुठेतरी दडून बसलेला, बाकीचे हात पुढे करून तिला चकवताहेत, इकडे दे, इकडे दे, मीच तो. तिनं त्याला हुडकलं, समोर गुडघे टेकले, पेल्याला आधी आपले ओठ लावले आणि मग त्याला दिला. तो प्यायला. बायकांनी अशी किलकारी मारली की झाडावरचे पक्षी उडाले. झालं लग्न. बाकी सगळं बोलणं, देणं-घेणं, आशीर्वाद एका बाजूला, आणि तो घोट एका बाजूला.

उद्या रविवार.

उझोआमाका उठली. आई म्हणाली, कुठे निघालीस? ती म्हणाली, पाणी प्यायला. आणि ती मडक्यापाशी गेली, एक रिकामा पेला उचलला, आणि पापा एकेओचांसमोर दोन्ही हातांनी धरला.

"पापा, ओता."

म्हातारा हसून म्हणाला, ताडी पाहिजे तर पोरं आणून देतील, तू कशाला उठलीस.

"मला नको," ती म्हणाली. "माझे वडील इथे नाहीत. ते असते तर त्यांनी ओतली असती."

पापांचा हात मडक्यावर तसाच थांबला. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, आपल्या मुलीकडे बघावं तसं. मग पेला काठोकाठ भरला, आणि हलकेच म्हणाले, "सांडू नकोस, पोरी. तुझ्या बापाची आहे."

ती पुरुषांच्या बाकांमध्ये शिरली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकाच्या आलं, आणि हशा सुरू झाला. निम्मे तिचे पेशंट होते. इकडे द्या डॉक्टर, मला ताप आहे. मला सुई टोचलीत तेव्हा गोड काही दिलं नव्हतंत, ते बाकी आहे. कानोची आहे हो, तिला कुठलं माहीत, वाटप करतेय बिचारी. मागे तिची आई ताडकन् उभी राहिली, आणि उगोयेनं, नव्या नवरीनं, तिच्या लुगड्याचं टोक धरून तिला खाली ओढलं.

"बसा मम्मा. ऑपरेशन चालू आहे."

ओबिओरानं तिला येताना बघितलं. चार बाकं उरली, तीन उरली, तेव्हा तो काठीवर भार देऊन घाईघाईनं उठला. "डॉक्टर, थांबा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "इथे असं नका करू. आमच्यात याचा अर्थ…" ती थांबली नाही. तिनं त्याच्यासमोर गुडघे टेकले, धुळीत, ठेवणीतल्या कपड्यांसकट. ढोल बंद पडले. ओबिओराचा चेहरा उतरला, आणि तो तिच्या डोक्यावरून वडीलधाऱ्यांना मोठ्यानं सांगायला लागला, की या उत्तरेत वाढल्या आहेत, यांना आपली रीत माहीत नाही, मोठ्या मनानं सोडून द्या, हे धरायचं नसतं…

उझोआमाकानं पेला उचलून एक घोट घेतला. ताडी आंबट-गोड होती आणि हनुवटीवरून थोडी ओघळली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"पेशंटची माया…" तो पुटपुटला.

"माझे पेशंट इथे निम्मं गाव आहे, मास्तर. विचारा त्यांना, मी कुणासमोर गुडघे टेकलेत का."

पेला तिनं वर धरला. ताडी काठावरून तिच्या बोटांवर सांडत होती, आणि समोरचा माणूस दगडासारखा उभा. एक क्षण गेला. दुसरा गेला. उझोआमाकाला वाटलं, आता याच धुळीत आपण विरघळून जावं. मग काठी पडल्याचा आवाज झाला. ओबिओरानं दोन्ही हात पुढे केले, पेल्याभोवती, तिच्या बोटांवरून.

"उझोआमाका," तो म्हणाला. पुढे डॉक्टर नाही, मागे काही नाही. "ऊठ ना. सगळे बघताहेत."

"आधी पी."

तो प्यायला, आणि त्यानंतर बायकांच्या किलकाऱ्यांत त्या अंगणात कुणाला कुणाचं ऐकू येईना.